बडोद्यात राहून ड्रिंक्स फोटोग्राफी होते का? २६ वर्षं बाटल्या शूट करून सांगते

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारी मुलगी बडोद्याचीच आहे, एम. एस. युनिव्हर्सिटीत अप्लाइड आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कोल्ड्रिंक, सरबत, दूध असल्या गोष्टींचे जाहिरातीचे फोटो आणि फिल्म करायच्यात. घरचे म्हणतात मुंबईशिवाय हे होत नाही, आणि गुजरातमध्ये दारूबंदी म्हणजे अर्धं काम आधीच गेलं. मग फोटोग्राफर व्हावं की थेट डायरेक्टर, आणि सुरुवात कशाने करावी.

अगं, आधी एक सांगते, तू कॅमेऱ्याबद्दल चार ओळी लिहिल्यास, लेन्स कोणती घेऊ वगैरे, पण पाण्याबद्दल एक शब्द नाही. आणि हे सगळं काम पाण्याचंच आहे. द्रव पदार्थ कसा वागतो, त्यातून उजेड कसा जातो, तो कधी सांडतो, कधी चिकटतो, कधी फाटतो, हे ज्याला कळलं त्याला कॅमेरा सहा महिन्यांत येतो, उलटं मात्र होत नाही. मी बघितलेत असे लोक, दोन-दोन लाखांच्या लेन्स घेऊन बसलेत आणि ग्लासाची कड काळी का दिसते ते सांगता येत नाही.

माझं सांगायचं तर रावपुऱ्यात बाबांचा स्टुडिओ होता, पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. मी १९९९ मध्ये पहिली बाटली शूट केली, एका स्थानिक सरबतवाल्याची, खसाचं हिरवं सरबत, दीड हजार रुपये मिळाले. बाबांनी नेहमी माणसांवर टाकायचे तसे समोरून दोन लाइट टाकले आणि बाटली अशी दिसली जशी काही डांबर भरलंय आत. हिरवा रंग गायब, लेबलवर पांढरा डाग. त्या काळी ट्रान्सपरन्सी फिल्म, लॅबमधून येईपर्यंत कळायचं नाही, चार रोल वाया गेले म्हणजे मिळालेले पैसे तिथेच संपले. मग एका संध्याकाळी ती बाटली खिडकीत राहिली होती, सूर्य खाली आला होता, आणि ती आतून पेटल्यासारखी हिरवीगार दिसली. मी तिथेच थांबले. उजेड बाटलीवर टाकायचा नसतो, बाटलीतून आणायचा असतो, हे मला त्या खिडकीने शिकवलं.

आता यातलं तंत्र नीट सांगते कारण हेच कुणी सांगत नाही. काचेला स्वतःचं रूप नाही, ती आजूबाजूचं जे आहे ते दाखवते. मागे पांढरा उजेड पसरलेला ठेवलास तर काचेची कड दिसायला तिला काहीतरी काळं दाखवावं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जेमतेम बाहेर काळे कार्ड उभे करायचे. मागे काळं ठेवलंस तर उलटं, बाजूला पांढरं, मग कडेला बारीक चमकती रेघ येते. एवढ्या दोन गोष्टी पाठ झाल्या की काचेचं अर्धं काम झालं. आणि भरलेली बाटली म्हणजे लेन्स असते हे विसरू नकोस, मागचं सगळं त्यात डावं-उजवं उलटं होऊन दिसतं, त्यामुळे रिकाम्या बाटलीवर लाइट लावून ठेवला आणि मग भरली की सगळं बदलतं. लाइट लावताना बाटली भरलेलीच पाहिजे.

कोलासारखा गडद पदार्थ असला तर तो बाटलीतून जसाच्या तसा काळाच दिसतो, मग पाणी घालून पातळ करतात, साधारण निम्मं-निम्मं, कधी जास्त, आणि बाटलीच्या मागे बाटलीच्याच आकारात कापलेलं चंदेरी किंवा सोनेरी कार्ड चिकटवतात, कॅमेऱ्यातून दिसणार नाही असं, त्याच्यावर मागून-बाजूने लाइट मारला की पेय आतून तापल्यासारखं लालसर-तपकिरी दिसतं. ते कार्ड कापायला मला अजून तासभर लागतो. वाकडं कापलं की कडेला सोनेरी रेघ डोकावते.

मग बाटलीला फुटलेला घाम. आपल्याकडे जुलैमध्ये फ्रीजमधून बाटली काढली की दोन मिनिटांत स्वतःच घाम येतो आणि पाच मिनिटांत ओघळून लेबल भिजतं, आणि जानेवारीत हवा कोरडी, थेंब येतच नाहीत. दोन्ही शूटला निरुपयोगी. म्हणून बाटली आधी पूर्ण स्वच्छ करायची, हातमोजे घालून, लेबलवर टेप, मग मॅट स्प्रेचा, म्हणजे चमक मारणाऱ्या फवाऱ्याचा हलका हात, तो वाळला की ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून बारीक फवारा. ग्लिसरीन मेडिकलवर मिळतं. ते वाळत नाही, ओघळत नाही, चार तास थेंब जागेवर. मोठा थेंब हवा तर सिरिंजने एकेक ठेवायचा. आणि एक बारीक गोष्ट, घाम जिथपर्यंत पेय भरलंय तिथपर्यंतच दाट येतो, वरच्या रिकाम्या मानेवर नाही. नवीन मुलं झाकणापर्यंत फवारतात आणि मग फोटो खोटा का वाटतो ते त्यांना कळत नाही. बघणाऱ्यालाही कारण सांगता येत नाही पण त्याला खटकतं, कारण त्याने आयुष्यभर खऱ्या बाटल्या बघितल्यात.

बर्फाचं तर वेगळंच. खरा बर्फ लाइटखाली विरघळतो म्हणून ॲक्रिलिकचे क्यूब वापरतात, हे सगळ्यांना माहीत असतं, पण का चालतात हे बघ. उजेड किती वाकतो त्याचा आकडा बर्फासाठी १.३१, पाण्यासाठी १.३३, म्हणजे जवळजवळ सारखाच, त्यामुळे अगदी स्वच्छ खरा बर्फ पाण्यात टाकला की त्याच्या कडा दिसेनाशा होतात. ॲक्रिलिकचा १.४९, म्हणून ते पाण्यात ठळक दिसतं. आणि ग्लिसरीनचा १.४७. मी एकदा पेय जरा दाट दिसावं म्हणून ग्लासात ग्लिसरीनच भरलं आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराकडून हाताने पॉलिश करून आणलेले महागाचे क्यूब त्यात टाकले, सगळे गायब, ग्लासात काहीच नाही! आकडे मी त्या दिवसानंतर पाठ केले. आणि खरा स्वच्छ बर्फ हवाच असेल तर थर्माकोलच्या डब्यात पाणी भरून झाकण न लावता डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं, थंडी फक्त वरून लागते, बर्फ वरून खाली धरत जातो आणि हवेचे बुडबुडे तळाला ढकलले जातात, तळाचा पांढरा भाग कापून टाकायचा.

आता दारूबंदीचं. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हापासून गुजरात कोरडं आहे, हे खरं, आणि जगभर या फिल्डमधलं बरंच नाव व्हिस्की-बियरच्या कामातून होतं हेही खरं. पण आपल्या देशात दारूची जाहिरात टीव्हीवर चालतच नाही, केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत ती बंद आहे, म्हणून तर तीच नावं सोडा आणि पाण्याच्या बाटलीवर दिसतात. मी तसली कामं केलीत, मुंबईत जाऊन, रात्रीच्या गाडीने जायचं, दोन दिवस शूट, परत. बऱ्याचदा ग्लासात दारू नसतेच, चहाचं पाणी किंवा जाळलेल्या साखरेचं पाणी असतं, सीलबंद बाटली तेवढी खरी. पण माझं घर चाललं ते दूध, ताक, लस्सी, सोडा आणि सरबतांवर. आणंद इथून चाळीसेक किलोमीटर, १९४६ पासून दुधाची सहकारी चळवळ तिथे उभी आहे, सुरतेचं सोसयो हे थंड पेय १९२३ पासूनचं, त्याशिवाय दर उन्हाळ्यात गावोगावचे छोटे बॉटलिंगवाले. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीसच्या वर जातो, तहान काय असते हे या गावाला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि ताक शूट करणं बियरपेक्षा अवघड आहे, हे मी मनापासून सांगते. त्यातून उजेड जात नाही, म्हणजे मघाशी सांगितलेली सगळी मागच्या लाइटची विद्या तिथे बंद. तिथे बाजूचा लाइट, जरा कडक, म्हणजे वरचा फेस, जिऱ्याचा कण, कोथिंबिरीचं पान यांच्या बारीक सावल्या पडतात आणि पांढऱ्यावर पांढरं दिसायला लागतं. शिवाय ताक दहा मिनिटांत फुटतं, वर पाणी खाली चोथा, म्हणून लाइट, फ्रेम, फोकस सगळं डमी ग्लासावर लावून ठेवायचं आणि खरं ताक घुसळून शेवटी आणायचं. उसाचा रस तर त्याहून घाईचा, मिनिटांत काळपटतो, लिंबू पिळलं तर थोडा दम धरतो.

कोकमचा किस्सा सांगते, चूक माझीच होती. कोकम सरबताचं सोडा घातलेलं नवीन पेय होतं, क्लायंट समोर बसलेला, बुडबुडे हळूहळू कमी झाले. मी सवयीने चिमूटभर खायचा सोडा टाकला, इतर पेयांत चालायचं ते. सुंदर माणकासारखा लाल रंग डोळ्यांसमोर निळसर-राखाडी झाला. कोकमचा रंग ज्या द्रव्याचा आहे ते आंबटपणात लाल आणि सोड्यात निळं होतं, जास्वंदीचं पाणी जसं रंग बदलतं तसंच काहीसं, शाळेत शिकलेलं, पण तेव्हा आठवलं नाही. क्लायंट उठून बाहेर गेला. शूट दुसऱ्या दिवशी माझ्या खर्चाने पुन्हा केलं. तेव्हापासून कुठलंही नवीन पेय आलं की शूटच्या आदल्या दिवशी मी ते घरी आणते, गरम करते, गार करते, पाणी घालते, मीठ घालते, रात्रभर ठेवते, वहीत लिहिते. अशा अकरा वह्या झाल्यात. माझ्याकडची सगळ्यात मौल्यवान वस्तू कॅमेरा नाही, त्या वह्या आहेत.

फसवणूक आहे का ही सगळी, असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील एक दिवस. १९७० मध्ये अमेरिकेत एका मोठ्या सूप कंपनीवर तिथल्या सरकारी आयोगाने कारवाई केली होती, वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवून भाज्या वर आणल्या होत्या म्हणून. माझा नियम असा की जे विकायचंय ते जसं आहे तसं दिसलं पाहिजे. बर्फ खोटा चालेल, घाम खोटा चालेल, कारण कंपनी बर्फ विकत नाही. रंग पातळ केला तर तो ग्लासात ओतल्यावर खरा जसा दिसतो तिथपर्यंतच आणायचा, त्याच्या पलीकडे नाही. पण ज्या रसात आंबा थोडकाच आहे त्याच्या बाटलीभोवती हापूसचा ढीग रचायला सांगितलं तर मी नाही म्हणते, दोन कामं अशी सोडलीत आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला, लेबलवरून आणि जाहिरातीतूनही. पॅकशॉट, म्हणजे विकायच्या बाटली-डब्याचा फोटो, करणाऱ्याने लेबल वाचायची सवय ठेवायलाच हवी.

आता फोटोग्राफर की डायरेक्टर. बघ, या कामातल्या डायरेक्टरला टेबलटॉप डायरेक्टर म्हणतात, सगळा खेळ एका टेबलावर होतो. मी २०१० च्या सुमाराला तिकडे वळले कारण फोटोच्या कॅमेऱ्यात चांगला व्हिडिओ यायला लागला होता आणि क्लायंट म्हणाले ताई तुम्हीच करा ना. मला वाटलं होतं फोटो येतो म्हणजे फिल्म येईल. नाही आली. फोटोमध्ये उडालेल्या पाण्याचा एक क्षण पकडायचा असतो, आणि तो शटरने पकडला जात नाही, फ्लॅशच्या कालावधीने पकडला जातो. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने उडालं तर एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागात ते आठ मिलिमीटर सरकतं, म्हणजे फोटोत धूर दिसणार. छोटा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवायचा फ्लॅश, फुल पॉवरऐवजी बत्तिसाव्या भागावर ठेवला तर त्याचा झोत साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा होतो, तेवढ्यात पाणी ०.२ मिलिमीटर सरकतं, थेंब काचेसारखा उभा राहतो. म्हणजे महागडा मोठा स्टुडिओ लाइट तिथे बऱ्याचदा हरतो आणि सेकंडहँड स्पीडलाइट जिंकतो. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या हॅरॉल्ड एजरटननी दुधाचा थेंब पडल्यावर उसळणारा मुकुट फ्लॅशच्या याच ताकदीवर पकडला, तो फोटो माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे.

फिल्ममध्ये तोच मुकुट उठताना, पसरताना, पडताना दाखवायचा असतो. सेकंदाला हजार फ्रेम घेतल्या तर एक सेकंद पडद्यावर चाळीस सेकंद चालतो, पण नेहमीच्या पंचवीस फ्रेमच्या मानाने चाळीस पट उजेड लागतो. चाळीस पट! टेबलावर अक्षरशः भट्टी होते. एकदा फ्रीजमधली गार काचेची बाटली, आत सोडा भरलेला, मी थेट अशा लाइटसमोर ठेवली आणि ती फुटली, लाइटमनदादाच्या हाताला सात टाके पडले. त्यानंतर माझ्या सेटवर सोड्याची सीलबंद काचेची बाटली गरम लाइटसमोर येत नाही, डमी येते, आणि जवळ असणाऱ्या प्रत्येकाला चष्मा. हे तू पहिल्या दिवसापासून कर, कुणी हसलं तरी कर.

आणि डायरेक्शन म्हणजे तिथे माणसंही येतात. ओतण्याचा एक शॉट चाळीस-पन्नास वेळा घेतला जातो, प्रत्येक वेळी ग्लास धुवा, पुसा, भरा, आणि तेहेतिसाव्या वेळेला सगळे थकलेले असताना तुला सांगता आलं पाहिजे की धार दोन मिलिमीटर डावीकडे हवी आणि का हवी. एजन्सीचा आर्ट डायरेक्टर एक म्हणतो, क्लायंट दुसरं. ओतायची रिग आम्ही जीआयडीसीत बनवून घेतो, वाल्व, नळी, लेथवर कापलेलं तोंड, ते बनवणारे काका चौथी शिकलेत आणि धार कशी फाटते हे त्यांना माझ्यापेक्षा आधी दिसतं. आता मोठ्या शहरांत रोबोटवर कॅमेरा लावतात, हरकत नाही, छान असतं ते, पण दुधाची धार कुठे वळणार हे रोबोटला तुलाच सांगावं लागणार.

म्हणून माझं मत, आधी पाच-सहा वर्षं फोटो. थेट डायरेक्टर झालेल्यांना शॉट चुकला की नक्की काय चुकलं ते सांगता येत नाही, फक्त परत घ्या म्हणतात.

मुंबईबद्दल घरचे अर्धे बरोबर आहेत. एजन्सी तिथे, मोठे बजेट तिथे, हायस्पीड कॅमेरे भाड्याने तिथे. दोन वर्षं एखाद्या टेबलटॉपवाल्याकडे असिस्टंट म्हणून जा, बाटल्या पूस, बघ. पण शिकायला बडोद्यासारखी जागा नाही, हे मी गावाच्या प्रेमापोटी म्हणत नाही. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, सिनेमा काढायच्या वीसेक वर्षं आधी. चित्रकार-फोटोग्राफर ज्योती भट्टांसारखी माणसं तुझ्याच फॅकल्टीत शिकवून गेली. आणि कमाटी बागेतल्या पिक्चर गॅलरीत जुनी युरोपियन तैलचित्रं आहेत, तिथे जाऊन फक्त चमक बघ, चांदी, डोळा, रेशीम, चित्रकाराने पांढरा ठिपका कुठे ठेवलाय आणि कुठे मुद्दाम ठेवला नाही. मी नववीपासून जाते आहे.

पैशांचं पटकन सांगते. एका मोठ्या क्लायंटने माझे पैसे चौदा महिने अडकवले होते, तेव्हा मला काही माहीत नव्हतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे, छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, बिलावर तो नंबर छाप. निम्मे पैसे आधी. आणि कॉपीराइट, यात नवीन मुलं हमखास मार खातात: १९५७ च्या आपल्या कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणजे तू काढलेला फोटो तुझ्याच पोर्टफोलिओत लावायला अडचण येऊ शकते. म्हणून कोटेशनमध्येच दोन ओळी टाक, फोटो कुठे, किती वर्षं वापरणार, आणि मी माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवणार.

सुरुवातीला लागणारं सामान: कुठलाही मॅन्युअल चालणारा कॅमेरा, एक मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, जुनी चालेल, दोन स्पीडलाइट, ते लांबून पेटवायचा ट्रिगर, मजबूत ट्रायपॉड, बटर पेपर, थर्माकोल, काळा कार्डपेपर, ग्लिसरीन, सिरिंजा. मांडवीत एक चक्कर मारलीस तर कागद-थर्माकोल सगळं मिळेल.

आणि पहिले तीस दिवस एवढंच कर. घरातला एक साधा काचेचा ग्लास घे, पाणी भर, खिडकीत ठेव, रोज एकच फोटो काढ, लाइट लावायचा नाही, फक्त काळा आणि पांढरा कागद हलवायचा. अकराव्या दिवशी पाण्यात एक चमचा चहा टाक, एकविसाव्या दिवशी पाणी काढून ताक भर. प्रत्येक फोटोखाली वहीत लिही, कड दिसली का, कुठे हरवली, उजेड कुठून आला. तिसावा दिवस झाला की वही आईबाबांसमोर ठेव, फोटो नाही, वही. माझ्या बाबांनी माझी पहिली वही वाचली आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओची मागची खोली रिकामी करून दिली, अजून मी तिथेच काम करते.